विसरल्या जाणाऱ्या सुखाचें मोल

लहान मुलांना बरोबर घेऊन दूरच्या सहलीला निघणाऱ्या गृहस्थाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं एका आक्षेपाला तोंड द्यावें लागतें. हा आक्षेप बहुधा घरांतील एखादी वडील व्यक्ति घेते, आणि तो घेतांना तिचा आवाज मुळींच चढत नाहीं. कारण त्याला उत्तर नाहीं याची तिला खात्री असते. "अरे, एवढा खर्च करून नेतो आहेस खरा, पण मोठेपणीं त्या पोरांना यांतलें काय आठवणार आहे?" आमच्या आत्याबाईंनीं हा प्रश्न आम्हांला विचारला तेव्हां त्या तांदूळ निवडीत होत्या, आणि उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं पुढची मूठ ताटांत ओढली.

प्रश्न दिसावयास घरगुती आहे, पण त्याच्या पोटांत एक अख्खें नीतिशास्त्र दडलेलें आहे. सुख ही एक ठेव आहे. ती आज ठेवावयाची ती पुढें व्याजासह हातीं यावी म्हणून. आणि ज्या पेढींत ठेवलेली रक्कम चार वर्षांत नाहींशी होते त्या पेढींत पैसे गुंतविणारा मनुष्य शहाणा नव्हे, असा या प्रश्नाचा अभिप्राय. तीर्थयात्रा केली, तिचें पुण्य सांठलें. मुलाला शाळेंत घातलें, त्याची विद्या सांठली. पण अडीच वर्षांच्या मुलीला पाळण्यांत बसविलें, त्याचें काय सांठलें? हा प्रश्न विचारणारीं माणसें कंजूष असतात असें नाहीं. आमच्या आत्याबाई तर हाताच्या अत्यंत सैल. म्हणूनच त्यांचा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये असें आम्हांला वाटतें.

आम्ही २०२३ च्या मे महिन्यांत मुलांना जेथें घेऊन गेलों तें ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथील डिस्नेलँड. (आमचे मेहुणे त्या बाजूस राहतात, एरवीं पुण्याचा मनुष्य केवळ पाळण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जात नाहीं.) या स्थळाची जन्मकथा आमच्या प्रश्नाशीं निगडित आहे. हलत्या व्यंगचित्रांचा प्रख्यात निर्माता वॉल्ट डिस्ने हा सुटीच्या दिवशीं आपल्या डायन व शॅरन या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कांत घेऊन जात असे. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि बाप एका बांकावर शेंगदाणे खात बसे. तेथें बसल्याबसल्या त्याच्या मनांत आलें कीं, आईबापांना आणि मुलांना एकत्र मौज करतां येईल असें एखादें स्थळ कां असूं नये? पुढें त्यानें ॲनाहाइम येथें संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली, सुमारें एक वर्षांत १ कोटी ७० लक्ष डॉलर खर्चून नगरी उभी केली, आणि १७ जुलै १९५५ रोजीं तिचीं दारें उघडलीं. त्या दिवशीं ऊन इतकें कडक होतें कीं, नुकत्याच घातलेल्या डांबरांत स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतल्या. मुलांसाठीं म्हणून जगभर गाजलेल्या या नगरीचा पाया एका बापाच्या कंटाळ्यावर घातलेला आहे, ही गोष्ट आम्हांला फार सूचक वाटते. बांकावर बसलेला तो बाप, मुलींना पुढें काय आठवेल याची चिंता करीत नव्हता; या घटकेला आपण मौजेच्या बाहेर कां, एवढेंच त्याला कळत नव्हतें.

या नगरीचा आणखी एक नियम नमूद करण्याजोगा आहे. तीन वर्षांखालील मुलाला तेथें तिकीट लागत नाहीं. ज्या वयाचें पुढें कांहीं आठवत नाहीं, त्या वयाच्या सुखाचे पैसे घेत नाहींत, असा याचा अर्थ व्यवस्थापकांच्या मनांत असेल असें नाहीं. पण रेषा नेमकी जेथें पडावयाची तेथेंच पडली आहे. फ्रान्समधील आंरी दांपत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांना त्यांच्या सर्वांत जुन्या आठवणी विचारल्या, तेव्हां त्या सरासरीनें वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपासच्या निघाल्या. नंतरच्या संशोधनानें हा आंकडा थोडा पुढेंमागें सरकविला, पण मोडला नाहीं. आमच्या कन्येचें वय तेव्हां अडीच वर्षांचें होतें आणि चिरंजीवांचें पांच. म्हणजे आत्याबाईंच्या हिशेबानें एकाचे पैसे अर्धे बुडणार होते. दुसरीचे सगळेच बुडावयाचे, पण ते कोणी घेतलेच नाहींत.

आतां प्रत्यक्ष दिवसाविषयीं. आम्हीं सकाळीं एक टांचण केलें होतें: कोणत्या वेळीं कोणत्या रांगेंत उभें राहावयाचें, उडत्या हत्तींत केव्हां बसावयाचें, फिरत्या पेल्यांकडे केव्हां वळावयाचें, जेवण कोठें. तें टांचण साडेदहा वाजेपर्यंत टिकलें. त्यानंतर आम्ही त्या नगरीच्या मधोमध असलेल्या नदीपाशीं आलों. ही नदी कृत्रिम आहे आणि तिच्यांतून मोठी चाकाची आगबोट फिरते. पण तिच्यांतील बदकें खरीं आहेत. त्यांना तेथें कोणी नेमलेलें नाहीं. तीं आपण होऊन येतात. आमच्या दोन्ही मुलांनीं आगबोटीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तीं काठाशीं उकिडवीं बसलीं, आणि एक बदक पाण्यांत डोकें बुडवून शेपटी वर करतें, पुन्हा डोकें वर काढतें, या घडामोडीकडे त्यांनीं तब्बल पाऊण तास पाहिलें. प्रत्येक वेळीं डोकें बुडालें कीं कन्या श्वास रोखून धरी. तें वर आलें कीं टाळ्या पिटी. जणु कांहीं या वेळीं तें वर येणार नाहीं अशी खरीखुरी भीति होती. मुठा नदींतलें बदक पाहावयास पैसे पडत नाहींत, हा विचार आमच्या मनांत आला नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, टांचणाकडे पाहिलें, मग त्या दोन पाठींकडे पाहिलें, आणि बाजूच्या बांकावर बसलों.

दुपारीं एका भरधाव गाडीच्या दाराशीं चिरंजीवांना एका खुणेच्या खांबाजवळ उभें करण्यांत आलें. ४२ इंच उंची पाहिजे होती; ती अर्ध्या बोटानें कमी भरली. चिरंजीवांनीं जो आक्रोश केला तो ऐकून आजूबाजूच्या चार-पांच देशांच्या लोकांनीं माना वळविल्या. दहा मिनिटांनीं त्यांच्या हातांत आइस्क्रीम होतें आणि जगांत अन्याय म्हणून कांहीं असतो याची त्यांच्या चेहऱ्यावर खूणहि नव्हती. संध्याकाळीं आम्ही बाहुल्यांच्या होडींत बसलों. तेथें नाना देशांच्या शेंकडों बाहुल्या एकच गाणें गातात. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठीं ही करामत तयार झाली व १९६६ पासून ती डिस्नेलँडमध्यें आहे. या गाण्याचा गुण असा कीं तें एकदां कानांत शिरलें म्हणजे आठवडाभर बाहेर पडत नाहीं. मुलांनीं तीनदां होडींत बसण्याचा हट्ट धरला व तो पुरविण्यांत आला. विस्मृति हें वरदान आहे असें आम्हांला त्या दिवशीं प्रथम वाटलें असेल तर तें तेथें.

आत्याबाईंच्या बाजूनें बोलणारे मोठमोठे लोक आहेत. अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक २००२ सालीं मिळविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनीं आपल्या ग्रंथांत वाचकांना एक मार्मिक प्रश्न घातला आहे. समजा, सहल संपतांच तुमचीं सर्व छायाचित्रें नष्ट केलीं जातील आणि तुम्हांला असें औषध दिलें जाईल कीं सहलीचें कांहींहि आठवूं नये. तर मग तुम्ही तीच सहल निवडाल काय? त्यांच्या मतें प्रत्येकाच्या ठायीं दोन 'मी' असतात. एक अनुभवणारा आणि एक आठवणारा. आणि आपले बहुतेक निर्णय हा दुसरा मीच घेतो. प्रौढ माणसांच्या बाबतींत हें खरें असेल. किंबहुना आम्हीं पाहिलेले निम्मे प्रवासी त्या दुसऱ्या मीचे नोकर होते: समोर घडतें आहे तें सोडून ते त्याचीं चित्रें टिपीत होते. पण अडीच वर्षांच्या मुलाच्या ठायीं तो दुसरा मी अजून जन्मलेलाच नाहीं. ज्याला अद्याप कारकून मिळालेला नाहीं, त्याच्या सुखाची नोंद झाली नाहीं म्हणून तें सुख झालेंच नाहीं, असें म्हणावयाचें काय?

शिवाय ही नोंदवही जितकी भरंवशाची समजतों तितकी ती नाहीं. अमेरिकेंतील एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बॉवर व मरीना लार्किना यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत तीन वर्षांच्या मुलांना नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयीं बोलतें करून, पुढें निरनिराळ्या वयांत त्याच मुलांना ते प्रसंग पुन्हा विचारले. पांच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतील ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बाबतींत हें प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलें. म्हणजे मुलांच्या मनावर कांहीं उमटत नाहीं हें खरें नव्हे. उमटतें, चांगलें दोन-चार वर्षें राहतें, आणि मग बालपणींच पुसट होत जातें. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं कांहीं लोकांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखविली. तींत बग्ज बनी नांवाचा ससा मुलांचें स्वागत करतांना दाखविला होता. नंतर त्यांपैकीं कित्येकांना लहानपणीं आपण या सशाला डिस्नेच्या नगरींत भेटल्याचें खात्रीपूर्वक वाटूं लागलें. हा ससा प्रतिस्पर्धी कंपनीचा आहे. डिस्नेच्या दारांत त्याला उभें राहतां येणेंच शक्य नाहीं! ज्या वहींत घडलेलें पुसलें जातें आणि न घडलेलें लिहिलें जातें, तिच्यावरून सुखाचा जमाखर्च मांडणें कितपत शहाणपणाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

सेंट ऑगस्टिन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत हा प्रश्न फार पूर्वीं उपस्थित केला होता. ज्या शैशवाचें आपल्याला स्मरण नाहीं, जें केवळ इतरांच्या सांगण्यावरून व दुसरीं तान्हीं मुलें पाहून कळतें, त्याला आपल्या आयुष्यांत जमा धरावयास आपलें मन घेत नाहीं, असें ते म्हणतात. इतक्या थोर पुरुषाशीं मतभेद दर्शविण्याचें धाडस आम्ही करीत आहों तें एका उलट्या दाखल्याच्या बळावर.

तो दाखला सुखाचा नाहीं, दुःखाचा आहे. मुलाला आठवणार नाहीं म्हणून त्याला सुख देण्यांत अर्थ नाहीं असें म्हणणारा मनुष्य, मुलाला आठवणार नाहीं म्हणून त्याला चिमटा काढण्यास हरकत नाहीं, असें कधींहि म्हणणार नाहीं. पण वैद्यकाच्या इतिहासांत एक काळ असा होऊन गेला कीं, जवळजवळ हेंच म्हटलें गेलें. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत पुढारलेल्या देशांतील रुग्णालयांत नवजात अर्भकांवर कित्येकदां अगदीं अपुरी भूल देऊन किंवा वेदनाशामक औषध मुळींच न देतां शस्त्रक्रिया केल्या जात. भूल इतक्या कोवळ्या जिवाला धोक्याची आहे, त्याच्या मज्जातंतूंची वाढ पुरी झालेली नसते, अशीं कारणें देण्यांत येत. आणि त्यांच्या जोडीला हेंहि कारण असे कीं, मुलाला पुढें यांतलें कांहीं आठवणार नाहीं. ऑक्सफर्ड येथें काम करणारे भारतीय डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, अशा अर्भकांच्या शरीरावर वेदनेचा प्रचंड ताण पडतो आणि योग्य औषधानें तो पुष्कळ कमी होतो. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें केवळ वयाच्या सबबीवर भूल नाकारणें समर्थनीय नाहीं असें जाहीर केलें. ही हकीकत वाचतांना ज्याच्या अंगावर कांटा येत नाहीं असा मनुष्य आम्हांला भेटलेला नाहीं. आणि तीं अर्भकें आज प्रौढ झालीं आहेत, त्यांना त्यांतलें कांहीं आठवत नाहीं, हें सांगून त्या कांट्याचें निवारण होत नाहीं.

कोणी तार्किक म्हणेल कीं, दुःख विसरलें तरी शरीरावर त्याचा ठसा राहतो, म्हणून तें वाईट. ठसा राहत असेल. पण आमचा आक्षेप त्या ठशावर अवलंबून नाहीं. जें अर्भक दुसऱ्या दिवशींच दगावणार आहे, त्याच्यावर कसला ठसा राहणार? तरीहि त्याला भूल दिलीच पाहिजे, कारण वेदना आतां होत आहे आणि ती होणारा कोणी तरी येथें आहे. मग हेंच माप सुखाला कां लावूं नये? बदकाचें डोकें वर आल्यावर टाळ्या पिटणारें कोणी तरी तेथें होतें. तो आनंद पुढें कोणत्याहि खात्यावर जमा झाला नाहीं तरी त्या पाऊण तासांत तो पूर्ण होता. त्यांत कांहीं शिल्लक राहावयाचें नव्हतें.

येथपर्यंत मुलांचें झालें. पण या व्यवहारांत दुसरा एक पक्ष आहे, आणि खरी मेख तेथें आहे. दुपारच्या रांगेंत आमच्या पुढें एक गृहस्थ आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलासह उभे होते. मूल दमलें होतें, रडत होतें. त्या गृहस्थांची भाषा आम्हांला कळत नव्हती, पण ते काय बोलत होते याविषयीं आम्हांला तिळमात्र शंका नाहीं. कारण तें वाक्य जगांतील सर्व भाषांत एकाच सुरांत बोललें जातें: एवढ्या लांबून आणलें, एवढे पैसे भरले, आणि आतां रडतोस? मग त्यांनीं मुलाचें तोंड पुसलें, त्याला छायाचित्रासाठीं हंसावयास लावलें, आणि तें बिचारें हंसलें. त्या क्षणीं देणगीचें कर्ज झालें. मूल हंसलें तें हप्ता म्हणून.

प्रत्येक बापाच्या खिशांत असें एक खतपत्र असतें. मूल मोठें झालें म्हणजे तें बाहेर निघतें: तुझ्यासाठीं आम्हीं काय काय केलें. ज्याला आठवतें त्याच्यापुढें तें ठेवतां येतें; ज्याला आठवत नाहीं त्याच्यापुढें ठेवून काय उपयोग? म्हणून आम्हांला वाटतें कीं, अडीच वर्षांच्या मुलाला दिलेलें सुख हें बापाच्या हातून घडणाऱ्या दानांत सर्वांत निर्मळ. घेणारा कृतज्ञ होणार नाहीं, कारण त्याला आठवणारच नाहीं. देणाऱ्याला वसुलीची सोय नाहीं. आत्याबाई ज्याला या व्यवहारांतला तोटा म्हणतात, तोच त्याचा गुण आहे. आपल्या पूर्वजांना हें उमगलें असावें. तैत्तिरीय संहितेंत मनुष्याचीं तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांतील पितरांचें ऋण फेडावयाचें तें पितरांना कांहीं परत देऊन नव्हे, तर स्वतः संतति होऊं देऊन. हा हिशेब मागें जात नाहीं, पुढें जातो. आम्हांला आमच्या वडिलांनीं कोठें कोठें नेलें, कोणत्या जत्रेंत खांद्यावर घेतलें, याची आम्हांस दोन-तीनच स्मरणें आहेत. पण खांद्यावर बसण्याची उंची पायांना ठाऊक आहे. ती आम्हीं कोणाकडून घेतली हें आठवून नव्हे, तर पोराला उचलतांना हात आपोआप वर जातात म्हणून.

मात्र या सर्व विवेचनानें तिकिटाच्या किंमतीचें समर्थन होतें असें कोणी समजूं नये. १९५५ सालीं त्या नगरीचा प्रवेश प्रौढांना एक डॉलरला मिळे व पाळण्यांचे पैसे वेगळे पडत. आज चौघांच्या कुटुंबाचा एक दिवस मध्यम वर्गाच्या मिळकतीला चांगलीच चाट लावतो. बदकें फुकट दिसतात. डिस्नेलँड उघडलें त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९५६ सालीं, पुण्याच्या पेशवे उद्यानांत फुलराणी ही छोटी आगगाडी धांवूं लागली. तिच्या खिडकींतून हात हालविणाऱ्या आणि बाहेर उभ्या असलेल्या आईबापांना जणु परगांवीं निघालों अशा थाटांत निरोप देणाऱ्या मुलांचें सुख रतिभरहि कमी नव्हतें. कर्ज काढून मुलांना सातासमुद्रांपार नेणारा बाप आम्हांला भेटला तर आम्ही आत्याबाईंच्याच शेजारीं बसूं. पण आमचें कारण वेगळें असेल. मुलाला आठवणार नाहीं म्हणून नव्हे. तर जड झालेल्या खर्चाची आठवण बाप त्याला पुढें करून दिल्याशिवाय राहणार नाहीं म्हणून.

त्या सहलीचीं छायाचित्रें आमच्या घरीं पुष्कळ आहेत. हत्तींत बसलेलीं मुलें, पेल्यांत बसलेलीं मुलें, मेहुण्यांच्या कडेवरची कन्या. बदकांचें एकहि नाहीं; कॅमेरा तेव्हां बाबागाडीखालच्या पिशवींत होता. चिरंजीव आतां शाळेंत वरच्या वर्गांत आहेत आणि कन्येनें पांचवें वर्ष गांठलें आहे. मध्यंतरीं दोघांत भांडण झालें. "तू तेव्हां एवढीशी होतीस, तुला कांहीं आठवत नाहीं," असें चिरंजीव म्हणाले. कन्येनें ठासून सांगितलें कीं, तिला सगळें आठवतें. तेथें बदकें होतीं, आणि त्यांतलें एक लंगडत चालत होतें. चिरंजीवांनीं आमच्याकडे निवाड्यासाठीं पाहिलें. आम्ही त्या बांकावर पाऊण तास बसलों होतों. पण एखादें बदक लंगडत होतें कीं नव्हतें, हें आम्हांला आठवत नाहीं.